लग्नाला अडीच महिने आणि गुप्तांगावर चामखीळ: आधी काय करायचं, कुणाला सांगायचं

तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं: वय २८, नाशिकच्या अंबडला एका कंपनीत नोकरी, लग्न ठरलंय. तारीख तुळशीच्या लग्नानंतरची, म्हणजे हातात साधारण अडीच महिने. होणारी बायको २४ वर्षांची. तुमच्या लिंगाच्या मुळाशी पाच-सहा बारीक कोंब आलेत, दुखत नाहीत, पण वाढताहेत. मेडिकलवाल्याने दिलेली खाजेची ट्यूब तीन आठवडे लावली, काही उपयोग नाही. मित्र म्हणतो चुना लाव, गळून पडतील. मोबाईलवर शोधलंत तर ‘एचपीव्ही’च्या शेजारीच ‘कॅन्सर’ दिसला आणि झोप उडाली. दोन वर्षांपूर्वी एक संबंध होता, तो संपला. आणि शेवटचं वाक्य असं: लग्नाआधी हे कायमचं गेलं पाहिजे, म्हणजे तिला सांगायची वेळच येणार नाही.

मी नाशिकला त्वचारोग आणि गुप्तरोगांची प्रॅक्टिस करते. असे प्रश्न घेऊन येणाऱ्यांमध्ये लग्न ठरलेली मुलं बरीच असतात, त्यामुळे तुमची घालमेल ओळखीची आहे. कोंब घालवता येतात, ते काही फार अवघड काम नाही. पण कायमचे, तारखेच्या आत आणि कुणालाही न कळता, ही तिन्ही वचनं एकदम कुणी देत असेल तर त्याच्या पायऱ्या चढू नका. मी ती का देत नाही, ते पुढे येईलच.

पहिली अडचण ही की मी ते पाहिलेलं नाही. तुमच्या वर्णनावरून चामखीळ वाटते, पण त्या भागावर चामखिळीसारखं दिसणारं बरंच काही असतं. लिंगाच्या टोकाच्या कडेला एका ओळीत, एकसारख्या आकाराचे मोत्यासारखे बारीक दाणे असतील तर तो आजारच नाही, कित्येक पुरुषांना ते असतात. पिवळसर टिपके असतील तर त्या तेलग्रंथी, त्याही निरुपद्रवी. मधोमध खळगी असलेले गुळगुळीत, चमकदार दाणे हा वेगळ्याच विषाणूचा प्रकार. आणि सपाट, ओलसर, रुंद बुडाचे उंचवटे असतील तर ते सिफिलीसचं, म्हणजे गरमीचं, दुसऱ्या टप्प्यातलं लक्षण असू शकतं. ते चामखीळ समजून जाळून टाकलं तर वरचं जातं आणि आजार आत तसाच राहतो. खरं तर त्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन लागतं. म्हणून जाणकार डोळ्यांनी एकदा पाहिल्याशिवाय उपचार नको. मोबाईलवर काढलेल्या फोटोवर मी निदान करत नाही, तुम्हीही कुणाला करू देऊ नका.

खरी चामखीळ सुरुवातीला कातडीच्या रंगाची किंवा थोडी काळपट, वरून खरखरीत असते. वाढली की दोन-चार एकत्र येऊन फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी दिसते. बायकांमध्ये ती बाहेरच्या भागावर, योनीत किंवा गर्भाशयाच्या तोंडावर येते, तेव्हा तपासल्याशिवाय कळतही नाही. गुदद्वाराजवळ आली की लोक मूळव्याध समजून महिनोन् महिने मूळव्याधीचं औषध घेत बसतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की कुणी ‘मूळव्याध आहे, पण दुखत नाही, रक्त नाही, नुसते कोंब आहेत’ म्हटलं की आधी दिवा जवळ ओढते.

तुमची चामखीळच आहे असं धरून पुढे जाऊ. ती ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्हीमुळे येते. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि त्यातले चाळीसेक जननेंद्रियांच्या भागात राहतात. हातापायांवरच्या चामखिळी साधारणपणे वेगळ्या प्रकारांच्या असतात. गुप्तांगावरच्या दहापैकी नऊ चामखिळींमागे ६ आणि ११ क्रमांकाचे प्रकार असतात आणि कॅन्सरच्या दृष्टीने ते कमी जोखमीचे मानले जातात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा वाटा, जवळपास ७० टक्के, १६ आणि १८ या प्रकारांचा आहे. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउझेन यांनी या विषाणूचा आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला, त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. नेटवर ‘एचपीव्ही’ आणि ‘कॅन्सर’ शेजारीशेजारी दिसतात ते यामुळेच. नाव एक, प्रकार वेगळे. तुमच्या कोंबांचा उद्या कॅन्सर होईल, असं नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एकाच माणसात दोन-तीन प्रकार एकाच वेळी असू शकतात, त्यामुळे ‘मला साधी चामखीळ आहे, म्हणजे बाकीचं काही नाही’ असं म्हणता येत नाही. आणि कोंबातून आपोआप रक्त येत असेल, जखम भरत नसेल, तो टणक किंवा अगदी काळा झाला असेल, भराभर वाढत असेल किंवा नीट उपचार करूनही हटत नसेल, तर त्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागतो. तुमच्या वयात, तुम्ही सांगता तशा कोंबांत अशी वेळ क्वचित येते.

आता ‘हे कुणाकडून आलं’ हा प्रश्न. तुम्ही तो सरळ विचारला नाहीत, पण त्या जुन्या संबंधाचा उल्लेख केलात, म्हणजे तो मनात आहेच. हा विषाणू कातडीला कातडी लागून पसरतो. लागण झाल्यापासून कोंब दिसेपर्यंत तीन आठवड्यांपासून आठ महिने जातात, कधी त्याहून कितीतरी जास्त. बहुतेकांच्या अंगात तो येतो आणि एकही कोंब न येता दीड-दोन वर्षांत शरीर त्याला मागे हटवतं. म्हणजे ज्या व्यक्तीकडून आला तिला स्वतःलाच त्याचा पत्ता नसण्याची शक्यता दांडगी. कुठल्याही तपासणीतून ‘अमक्या तारखेला, अमक्याकडून’ असं निघत नाही. हेच उलट्या बाजूनेही खरं आहे. लग्नानंतर वर्षभराने बायकोला कोंब दिसला, तर त्यावरून तिच्या चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. माझ्या समोर नवरा-बायकोची आणि कधी सासूचीही यावरून जी भांडणं होतात, त्यांना वैद्यकीय आधार शून्य असतो.

तब्येतीवर परिणाम काय, तर बहुतेकांना शारीरिक त्रास थोडाच होतो. खाज, ओलसरपणा, कपड्याला घासून कधी रक्त. लघवीच्या तोंडाशी कोंब असेल तर धार फाटते. चामखिळीमुळे वंध्यत्व येत नाही, पुरुषत्वावर परिणाम होत नाही, ‘धातू’ जात नाही. हे ठळक सांगते, कारण बसस्टँडच्या आसपासच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या ज्या जाहिराती असतात, त्या याच भीतीवर चालतात. मधुमेह, एचआयव्ही, स्टेरॉईडच्या गोळ्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी इतर औषधं असतील तर कोंब जास्त येतात आणि चिवट होतात. विडी-सिगारेट असेल तर तीही त्यांच्याच बाजूने काम करते. गरोदरपणात ते वाढतात आणि सहज रक्ताळतात. बाळाच्या घशात कोंब येण्याचा प्रकार आहे, पण दुर्मीळ. केवळ चामखिळीसाठी सिझेरियन करत नाहीत, वाट अडत असेल किंवा खूप रक्तस्रावाची भीती असेल तरच करतात. मनावरचा परिणाम मात्र मोठा असतो. पाच-सहा दाण्यांपायी नोकरीत लक्ष न लागणारी, जेवण तुटलेली मुलं येतात. त्यांना आधी पाणी द्यावं लागतं.

उपचाराकडे येऊ. ती ट्यूब आजच बंद करा. मेडिकलमध्ये खाजेसाठी म्हणून मिळणाऱ्या अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये जोरकस स्टेरॉईड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. स्टेरॉईडने त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते, कातडी पातळ होते आणि चामखिळीला मोकळं रान मिळतं. चुना तर नकोच. चुना आणि सोडा, बिब्बा, अगरबत्तीचा चटका, घोड्याच्या केसाने बांधणं, हे सगळे प्रकार केलेले लोक मी पाहिलेत. मनगटावर निभावतं एखाद्या वेळी, पण ही कातडी नाजूक आहे. बिब्ब्याने ती अशी उतते की मूळ दुखणं बाजूला राहतं आणि भाजल्याचे उपचार करावे लागतात. त्या भागावर रेझरही फिरवू नका, बारीक खरचटलं की विषाणू शेजारी पेरला जातो. केस वाढले तर कात्रीने कापा.

दवाखान्यात दोन वाटा असतात. एक, कोंब तिथल्या तिथे नष्ट करायचे. द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं, ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड अगदी टोकाने लावणं, किंवा जागा बधिर करून विजेने अथवा रेडिओफ्रिक्वेन्सीने जाळणं. लेझरही असतो, पण पाच-सहा कोंबांसाठी त्याची गरज नसते. दुसरी वाट घरी लावायच्या औषधाची. इमिक्विमॉड ५ टक्के क्रीम आठवड्यातून तीन रात्री, एक दिवसाआड लावायचं, सहा ते दहा तासांनी धुवायचं, आणि हे जास्तीत जास्त सोळा आठवडे. ते कोंब जाळत नाही, तुमच्याच प्रतिकारशक्तीला तिथे बोलावतं. त्यामुळे लाली आणि आग होते, ती काही प्रमाणात अपेक्षितच आहे. पोडोफायलोटॉक्सिन ०.५ टक्के हे दुसरं. दिवसातून दोनदा असं तीन दिवस, मग चार दिवस सुट्टी, अशा चार फेऱ्यांपर्यंत. जुन्या काळचं तपकिरी पोडोफायलिन मात्र दवाखान्यातच लावायचं आणि काही तासांत धुवायचं असतं, बाटली घरी नेण्याचं ते औषध नाही. ही शेवटची तिन्ही औषधं गरोदरपणात वापरत नाहीत.

यातलं कुठलं निवडायचं हे कोंब किती, कुठे आणि माणूस किती वेळा येऊ शकतो यावर ठरतं. सटाण्याहून किंवा सुरगाण्याहून येणाऱ्याला दर पंधरवड्याला नायट्रोजनसाठी बोलावण्यात अर्थ नसतो. तुमचे कोंब थोडे आहेत, मुळाशी कोरड्या कातडीवर आहेत, तुम्ही अंबडमध्येच असता आणि तारीख जवळ आहे. मी असते तर एका बैठकीत रेडिओफ्रिक्वेन्सीने काढले असते किंवा नायट्रोजनच्या तीन-चार फेऱ्या केल्या असत्या. जाळलं तर जखम भरायला दोन ते चार आठवडे धरा. (जाळताना जो धूर निघतो त्यात विषाणूचे कण असू शकतात. डॉक्टर नाकावर मास्क चढवून धूर ओढणारं यंत्र लावत असतील तर ती तुमची घाण वाटते म्हणून नव्हे.)

आता ‘कायमचं’ या मागणीबद्दल. आपण काढतो तो दिसणारा कोंब. त्याच्या आजूबाजूच्या, वरून निरोगी दिसणाऱ्या कातडीतही विषाणू असतो आणि त्याला मारणारं औषध आज कुणाकडेच नाही. त्याला मागे सारते ती तुमची प्रतिकारशक्ती, आणि ती लग्नपत्रिका पाहून काम करत नाही. पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा एक-दोन कोंब उगवणं नेहमीचंच आहे. तो उपचार फसला असं नाही, तेवढे पुन्हा काढायचे. हळूहळू ते यायचे थांबतात. उलट, काही लोकांत काहीही न करता काही महिन्यांत आपोआप जातात, पण तुमचे वाढताहेत, तेव्हा वाट पाहू नये. म्हणजे हिशोब असा की आज सुरुवात केली तर तारखेच्या दिवशी कातडी स्वच्छ असण्याची शक्यता चांगली, पण हनिमूनहून आल्यावर एखादा नवा कोंब दिसेल ही शक्यताही खरी. हे गृहीत धरूनच पुढचं ठरवा.

तपासण्या करून घ्या. चामखीळ ज्या वाटेने आली त्याच वाटेने इतर आजारही येतात, म्हणून एचआयव्ही, सिफिलीससाठी व्हीडीआरएल आणि हिपॅटायटीस बी. त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एचआयव्हीची तपासणी समुपदेशनासह मोफत होते. तुमच्या संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. कुणाशी आधी बोलायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाईन आहे, मराठीत बोलता येतं. पुरुषांमध्ये एचपीव्हीची वेगळी रक्तचाचणी नसते, लॅबने पॅकेजमध्ये काही खपवायचा प्रयत्न केला तर नको म्हणा.

राहिला सांगण्याचा प्रश्न. इथे मी डॉक्टर म्हणून मत देते, ते पटलं नाही तर सोडून द्या. माझं मत आहे की तिला सांगावं, आणि लवकर सांगावं. नीतीची बाजू तुम्ही स्वतःच्या मनाशी पाहा. मी सांगते ती व्यवहाराची कारणं.

एक म्हणजे न सांगता तुम्ही ज्यावर विसंबून राहाल तो निरोध. तो वापरावाच, त्याने धोका कमी होतो. पण तुमचे कोंब मुळाशी आहेत आणि निरोध तिथली कातडी झाकत नाही. शिवाय इमिक्विमॉडसारख्या क्रीमने रबर कमजोर होतं. आणि लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नवरा निरोधाचा आग्रह का धरतोय, याचं काहीतरी उत्तर तुम्हाला द्यावंच लागेल.

दुसरं कारण मला जास्त वजनाचं वाटतं. तिला लस घेता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस ६, ११, १६ आणि १८ अशा चार प्रकारांवर आहे. २०२२ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि ती ९ ते २६ वर्षांच्या मुलींना आणि मुलांना देता येते. परदेशी बनावटीची नऊ प्रकारांवरची लसही मिळते. फक्त १६ आणि १८ वर असलेली लस मात्र चामखिळीपासून वाचवत नाही, तेव्हा नाव नीट पाहून घ्यावं. वयाची पंधरा वर्षं झाल्यावर तीन डोस लागतात: पहिला, दोन महिन्यांनी दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तारखा मांडून पाहा. तुम्ही या आठवड्यात सांगितलंत तर लग्नाआधी तिचे दोन डोस होतात. दोन महिन्यांनी सांगितलंत तर एक. लग्नानंतर कोंब दिसल्यावर सांगितलंत तर लागण आधीच झालेली असू शकते, आणि झालेल्या लागणीवर लसीचा उपयोग नाही. मधे दिवस राहिले तर उरलेला डोस बाळंतपणानंतर घेतात. तिचे पूर्वी संबंध आले असोत वा नसोत, लस देता येते, आणि ते विचारायचा अधिकार या निमित्ताने तुम्हाला मिळत नाही.

लसीचा उपयोग किती होतो ते ऑस्ट्रेलियाने दाखवलंय. तिथे २००७ पासून मुलींना सरकारी लस द्यायला सुरुवात झाली. चारेक वर्षांत एकवीसच्या आतल्या मुलींमधली गुप्तांगाची चामखीळ ९० टक्क्यांहून जास्त घटली. लस न घेतलेल्या त्यांच्या वयाच्या मुलांमधलंही प्रमाण उतरलं, कारण जोडीदारांकडे विषाणूच उरला नाही. तुमचं वय लसीच्या मंजूर मर्यादेच्या पुढे गेलंय आणि आत्ताचे कोंब तिने जाणार नाहीत. घ्यायची का, हे तुमच्या डॉक्टरांशी बोला. घरात नऊ-दहा वर्षांची भाची-पुतणी असेल तर तिचा विचार मात्र जरूर करा. त्या वयात दोनच डोस पुरतात.

होणाऱ्या बायकोला कॅन्सरची भीती घालू नका. तिशीनंतर प्रत्येक बाईने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायची असते, नवऱ्याला चामखीळ असो वा नसो. सरकारी दवाखान्यांत ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी ती करायची पद्धत आहे. तुमच्या कोंबांमुळे तिला उद्याच पॅप टेस्ट करायला लावायचं कारण नाही. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकत नाही, एवढं तिला माहीत असावं.

सांगायचं कसं? लांबण लावू नका. ‘माझा आधी एक संबंध होता. त्यातून मला एक त्वचेची लागण झाली आहे, तिच्यावर उपचार सुरू आहेत. तुला ती होऊ नये म्हणून एक लस मिळते, ती आपण आत्ताच सुरू करू. डॉक्टरांना विचारायचं असेल तर दोघं जाऊ.’ एवढं पुरे. हे गोदाघाटावर चालताना सांगा, गंगापूर रोडवरच्या कॅफेत सांगा, पण फोनवर टाईप करून पाठवू नका. स्क्रीनशॉट सासरच्या ग्रुपवर जायला वेळ लागत नाही. दोन्ही घरांना सांगायची मला गरज वाटत नाही, हा तुमच्या दोघांचा विषय आहे. आणि तुम्ही आलात तर तुमच्याबद्दल तुमच्या आईवडिलांनाही मी काही सांगणार नाही, डॉक्टर म्हणून ते माझ्यावर बंधन आहे.

लग्न मोडलं तर? मोडू शकतं. ते तिच्या स्वभावावर, घरच्या वातावरणावर आणि तुम्ही दोघं आजवर किती बोललात यावर अवलंबून आहे, ते मला नाशिकच्या दुसऱ्या टोकाला बसून सांगता येणार नाही. माझ्याकडे दोघं मिळून आलेली जोडपी आहेत, ज्यांच्यात रागवारागवी होऊन दोन आठवड्यांनी पुढचं सुरळीत झालं. लग्नानंतर कळलेली जोडपीही आहेत. तिथे चामखीळ लवकर बरी झाली, पण ‘तुला माहीत होतं’ हे वाक्य वर्षभर घरात फिरत राहिलं. तुम्ही सांगायचं नाहीच असं ठरवलंत, तरी निदान जखमा पूर्ण भरेपर्यंत आणि कातडी स्वच्छ होईपर्यंत संबंध टाळा आणि त्यानंतर काही महिने निरोध वापरा. पण मग लसीची संधी तुम्ही तिच्या वतीने परस्पर सोडून दिलीत, हेही धरून चाला.

डॉक्टर निवडताना पाटीवर त्वचारोग तज्ज्ञाची पदवी पाहा. एमडी किंवा डीव्हीडी (त्वचारोग आणि गुप्तरोगांची पदविका). खासगी परवडत नसेल तर सिव्हिलमध्ये त्वचा विभाग आहे, आडगावच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्येही आहे. बाई डॉक्टरसमोर संकोच वाटत असेल तर फोनवरच विचारून पुरुष डॉक्टरची वेळ घ्या, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. काउंटरवर कारण विचारलं तर ‘त्वचेचा त्रास’ एवढंच सांगा. जाताना ती ट्यूब खोक्यासकट बरोबर न्या आणि कधीपासून किती वेळा लावली ते आठवून ठेवा. साखर असेल, कुठल्या गोळ्या सुरू असतील तर त्याही सांगा. आणि त्या दिवशी सकाळी भागावर पावडर, तेल, मलम काही लावू नका, नाहीतर कोंबांचा पृष्ठभाग नीट दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी परत बोलवावं लागतं.